चकचकीत की मॅट?

आमच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकंच घेऊन येतात! कोल्हापुरात मी आणि माझा पार्टनर संभादा ब्लॅक अँड व्हाईट फोटो प्रिंट करून देतो. बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे. त्यामुळं "कागद कुठला घालू?" एवढं विचारलं तरी माणसं दचकतात!

*

एका माजी पैलवानाला त्याच्या वस्तादांचा फोटो ग्लॉसी, म्हणजे चकचकीत कागदावर काढून दिला. काळा रंग असा गडद उतरला की डोळे जिवंत वाटावेत! पैलवान दोन पावलं मागं सरकला.

"वस्ताद बघत्यात की माझ्याकडं!"

"मग चांगलंच हाय की," संभादा म्हणाला.

"चांगलं काय? तालीम सोडून वीस वर्षं झाली माझी! मॅटवर काढा, नजर जरा मऊ करा!"

*

मुरगूडचे एक आजोबा. थोरला भाऊ नुकताच गेलेला. ग्लॉसी प्रिंट हातात घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. चकाकीत त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब भावाच्या चेहऱ्यावर पडलं होतं.

"मी आत कसा गेलो?"

"आजोबा, उजेड पडलाय नुसता."

"उजेड न्हाय! त्यो बोलावतोय मला!"

प्रिंट टेबलावर टाकून त्यांनी थेट स्टँड गाठला. मॅट प्रिंट न्यायला दुसऱ्या दिवशी मुलगा आला.

*

आता माझी फजिती. मॅट कागदाची एकच बाजू शाई धरते. शेवटचा कागद, आणि मी घातला उलटा! शाई सुकेचना. फोटोतल्या बाईंचं कुंकू गालापर्यंत ओघळलं. काउंटरवर त्यांचा मुलगा उभा.

"झालं का हो?"

माझ्या तोंडातून निघालं, "आईंना अजून जरा वाळू दे!"

*

एकदा दोघं भाऊ धापा टाकत आले. वडिलांचा फोटो उन्हात झकास दिसायचा. घरी ट्यूबलाईटखाली चेहऱ्यावर हिरवट झाक! शाई आणि कागद जुळला नव्हता, दुसरं काही नाही. पण बहिणीनं घर डोक्यावर घेतलेलं: "आण्णांना काय चारलंत, सांगा!"

"आत्ताच्या आत्ता दुसऱ्या कागदावर काढा," थोरला म्हणाला, "न्हायतर ती पोलिसांत जातीया!"

*

आजऱ्याहून एक काकू आल्या. गेलेल्या नवऱ्याचा फोटो मोठा करायचा होता. मी सगळे नमुने मांडले. त्यांनी एकच विचारलं, "किती वर्षं टिकंल?"

मी अभिमानानं कॉटनचा कागद पुढं केला. "हा घ्या, काकू! शंभर वर्षं चेहरा जात न्हाय!"

चटका बसल्यागत त्यांनी हात मागं घेतला. दाराकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं.

मग हळूच म्हणाल्या, "लवकर पुसट हुणारा न्हाय व्हय एखादा?"