निर्जळीची गोळी

सहाणेवर चंदन उगाळताना गंध दरवळला, की ती निर्जळी एकादशी आठवते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नीला संप्रेरक घटवणारी गोळी रोज घ्यावी लागे; त्या सकाळी, गारखेड्याच्या घरी, तिने ती बाजूला सारली. “आज उपवास. तसेही या गोळीनं सांधे लई दुखतात.” मी म्हणालो, “औषधाने व्रतभंग होत नाही, असे शास्त्र सांगते.” “एरवी घोटभर पाण्यालाही नाही म्हणता, आज बरं शास्त्र सैल झालं!” अखेर डॉक्टरीणबाईंना फोन लावला. “आजी, रोग परतू नये म्हणून ती आहे, स्वतःहून चुकवू नका. दुखण्यावर उपाय करू, हाडंही तपासू.” देवाला नमस्कार करून तिने गोळी गिळली आणि म्हणाली, “पाणी पोटात गेलंच, आता चहा टाका.” तेव्हापासून एकादशीचा चहा माझ्याकडे आहे.