सहावं फूल

दसऱ्याच्या तोंडावर गुलमंडीच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात, आणि तो उग्र, हिरवट वास आला की मला युक्रेनमधलं एक अंगण आठवतं. ते मी कधी पाहिलं नाही, फक्त काढलं. युद्धात घर पडलेल्या एका बाईनं आमच्या उस्मानपुऱ्यातल्या छोट्या स्टुडिओला काही जुने फोटो पाठवले होते. त्यांवरून तिला अ‍ॅनिमेशन फिल्म हवी होती, म्हणजे ते घर निदान पडद्यावर तरी उभं राहील. फिल्ममध्ये लहानपणीची ती अंगणातला झेंडू तोडून पायरीवर बसलेल्या वडलांना देते. मी तिच्या मुठीत सहा फुलं काढली. आम्ही झेंडू किलोनं घेणारी माणसं, मोजतं कोण? तिचा मेसेज आला, ‘एक कमी करा. आमच्याकडे सम संख्येत फुलं फक्त मेलेल्या माणसाला वाहतात. बाबा अजून हयात आहेत, तिथंच.’ ‘एका फुलासाठी सगळी फिल्म पुन्हा रेंडर करून काढायची? लई बारीक बघते बाई,’ स्टुडिओचे मालक, आमचे सर, कुरकुरले. मी सहाव्या फुलाचा लेअर बंद केला आणि फिल्म पाठवली. थंडीत तिचा पुन्हा मेसेज आला, एकाच ओळीचा: ‘ते सहावं फूल परत लावता येईल?’ मी ते पुसलं नव्हतं, नुसतं लपवलं होतं; एका क्लिकवर मुठीत परत आलं. सरांनी स्वतःच फिल्म पुन्हा रेंडरला लावली. यंदा तोरणासाठी फुलं निवडताना माझा हात मध्येच थांबला, तेव्हा आई म्हणाली, ‘मोजत काय बसलीस? वजनाला बरोबर हाय की.’