लोणच्याच्या बरण्यांवरचा आयकर

आयकर कचेरीच्या पायऱ्यांवर गिरकी घेणारी विधवा बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? मी पाहिली आहे, अकोल्यात. ती माझी आत्या होती.

तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते; कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली आणि आता स्वतःच पत्रकं लिहिणारी. आत्याचे यजमान शाळामास्तर होते. ते गेले आणि मागे एका कापड गिरणीचे थोडे शेअर राहिले. वर्षभर अर्ज करून ते आत्याच्या नावावर चढले. त्या लाभांशातून तिच्या खोलीचं भाडं निघे. सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हाच बार्शीटाकळीहून तिचे दीर आले.

"वहिनी, शेअर माह्या नावावर करून टाका. नाही तं सरकार आधी मृत्युकर घेईन, मंग दरसाल आयकर. तुमी आमच्याकडंच येऊन राहा. गुरुवारी कागद आणतो, सही करा."

सही म्हणजे खोली सोडणं आणि उरलेला जन्म दिराच्या चुलीपाशी. मेलेल्याच्या मिळकतीवरचा मृत्युकर तेव्हा खरंच होता; आत्याची झोप उडाली. दीर परत गेल्यावर मी तत्त्वाचा मार्ग सांगितला : "शेअर म्हणजे मजुरांचा घाम. फाडून टाक."

"फाडतो ना. मंग भाडं काय तुह्या पत्रकानं देऊ?"

दुसऱ्या दिवशी मी भाषण पाठ करून कचेरीत भांडायला गेले. कारकुनानं ते निम्म्यातच थांबवलं आणि मास्तरांच्या मागे काय काय राहिलं ते विचारलं.

"एवढ्याले मृत्युकर लागतच नाही, ताई. आयकर गिरणीनं आधीच कापला, पण आत्याबाईची कमाई कमी, म्हणून तो परत भेटते. लाभांशाच्या कागदाचा खालचा अर्धा आणा. कर कापल्याचा दाखला तोच."

मी घरी पळत आले. आत्याचा चेहरा उतरला. वरचा अर्धा ती बँकेत देई. खालचा जाड, गुळगुळीत कागद वाया कसा घालवायचा, म्हणून तिनं तो लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडावर, दादऱ्याच्या फडक्याखाली बांधला होता. आम्ही दादरे सोडायला बसलो. पहिला दाखला कैरीवर सापडला, दुसरा लिंबावर, तिसरा मिरचीवर. तेलानं कागद पारदर्शक झाले होते, पण आकडे शाबूत होते. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

कचेरीत कर परत मागण्याच्या अर्जावर आत्यानं स्वतः सही केली. कारकुनानं दाखला दोन बोटांत धरून हुंगला.

"कैरीचं?"

"मिरचीचं. आणू थोडं?"

"नको बाई, लाच होईन."

त्यानं दाखले अर्जाला टाचून शिक्का मारला. मग पायऱ्यांवर ती गिरकी. मी तिचा पदर धरून होते, म्हणून ती पडली नाही.

गुरुवारी दीर जेवायला बसले. आत्यानं भाकरी वाढली. "भावजी, सही झाली."

"कोठी?"

"आयकराच्या कचेरीत. शेअर माह्याच नावावर राहतीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचं काम, पुढारीणबाई."

"तिचं कायचं? तिनं तं फाडाले सांगितलं होतं."

त्यांनी आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि आणखी एक भाकरी मागितली.

गिरण्यांविरुद्ध मी आजही लिहिते. पण हे लिहिते आहे ते तुमच्यासाठी. नवऱ्यामागे असे कागद हाती आलेली एखादी बाई तुमच्या नात्यात असेल, तर याच आठवड्यात तिच्याकडे जा. तिच्या कागदातली ओळन् ओळ तिला वाचून दाखवा, आणि पुढचा अर्ज तिचा तिलाच लिहू द्या.