गाभडलेल्या गाईचे दूध

कच्च्या दुधाच्या चीजचे नियम माझ्या पुतण्याला पाठ होते. पाठ असणे हीच त्याची पात्रता. पुण्याची नोकरी सोडून त्याने अकोटजवळ गाई घेतल्या, थंड खोली बांधली आणि पहिली खेप सोमवारी अमरावतीच्या एका दुकानात पाठवायचे ठरवले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. मी दुग्धशास्त्र शिकवीत असे. "काकाजींनी पाहिले आहे," एवढे प्रशस्तिपत्र पुतण्याला हवे होते.

शनिवारी मी गेलो. डोक्याला जाळीची टोपी, भिंतीवर तापमानाचा तक्ता, चीज मुरत ठेवायच्या, म्हणजे पिकवणीच्या, साठ दिवसांची नोंद बिनचूक. दूध तापवलेले नसल्याने सारी भिस्त गाईंवर. त्यांची रक्ततपासणी?

"करायची हाये," तो म्हणाला.

गोठ्यात धार काढणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला मी विचारले, "यंदा कोणती गाय गाभडली?"

त्याने कानाला हात लावला. "असं तोंडातून काढू नाई, साहेब. बोललं का बाकीच्याईले लागते."

कोपऱ्यातल्या तांबड्या गाईच्या पायात नवा काळा दोरा होता.

गाभ पडल्याचा उच्चार करायचा नाही, गुपचूप काळा दोरा बांधायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. गड्याने ती पाळली, हे मी समजू शकतो. पुतण्याच्या इंग्रजी वहीत गाईंच्या वजनापर्यंत सारे होते. गाभ पडल्याचा रकाना तेवढा नव्हता.

"तुला ठाऊक होते?"

"होतं न. पण लिवलं असतं तं गडी पळाले असते, काकाजी. आन् साठ दिवस पिकवलं हाये. तुमी कावून भेव दाखवून राहिले?"

"गाभ पाडणारा हा रोग दुधातून माणसाला लागतो. ताप महिनोन्महिने सुटत नाही. साठ दिवसांनी जंतू मरतीलच, असे नाही. तिचे दूध यात आहे?"

"सगळ्याईचं एकत्रच पडते."

मी तिथूनच दुकानदाराला फोन केला आणि माल येणार नाही, असे कळवले. नंतर जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. पुतण्या दारात उभा राहून म्हणाला, "घरच्याच माणसानं पाय ओढले."

आठवड्याने अहवाल आला. तांबडीसह तीन गाई बाधित होत्या. मग त्याने हळूच विचारले, "काकाजी, वितळवून तरी इकता येईन का?"

 फावडे कुठे ठेवले आहे, ते मी विचारले.

खड्डा त्याने खणला. चीजवर चुना मी टाकला.