कावीळ उतरवणारी आत्या आणि माझी प्लेट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. मायक्रोबायोलॉजीची पदवी नुकतीच मिळालेली, त्यामुळे नाक जरा जास्तच वर होतं. आणि तिकडे चांदवडला माझी सख्खी आत्या कावीळ उतरवायची. रोग्याच्या तळहातांना चुना चोळायचा, काहीतरी पुटपुटत वरून पाणी सोडायचं, आणि खाली परातीत पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. रविवारी तिच्या ओट्यावर रांग लागायची. यावरून आमचं दोघींचं कायम वाजायचं आणि दर वेळी तीच जिंकायची, कारण तिचं पाणी खरंच पिवळं व्हायचं.

वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यात हिपॅटायटिस बीची होती, म्हणजे यकृतात घर करणाऱ्या काविळीच्या विषाणूची. वहिनीला त्रास कसलाच नव्हता. तिच्या सोबतीला आत्या आली. वहिनी बाहेर बाकावर बसली आणि आत्याला मी मुद्दाम आत स्टुलावर बसवलं. खरं सांगते, मला तिला दिपवायचं होतं.

मी तपासणीची प्लास्टिकची प्लेट दाखवून व्याख्यानच सुरू केलं. प्लेटमधल्या प्रत्येक खळग्याच्या तळाला अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. त्या मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातल्या, सगळ्या तंतोतंत सारख्या. निफाडकडे एका चांगल्या वेलीच्या काड्या लावून अख्खी बाग उभी करतात, तसंच. विषाणूच्या आवरणावर एक प्रथिन असतं. त्या प्रथिनावरची एकच ठरलेली जागा या अँटिबॉडी ओळखतात, बाकी कशाकडे ढुंकून बघत नाहीत. रक्तात ते प्रथिन असेल तर त्या ते असं धरून ठेवतात की कितीही धुतलं तरी सुटत नाही. मग रंगाची रसायनं घालायची, शेवटी आम्लाचा थेंब. प्रथिन असेल तर खळगा पिवळा, नसेल तर साध्या पाण्यासारखा.

आत्या हं हं करत होती. मी शेवटचा थेंब सोडला आणि वहिनीचा खळगा पिवळाधमक झाला.

"आली भायेर!" आत्या स्टुलावरून उठलीच. "बघ, तुझ्या ताटलीतबी पिवळंच आलं. पोरी, उतरली गं, समदी उतरली!" ती दारात जाऊन वहिनीला सांगायलाही लागली. वहिनी बिचारी हसली.

मी तपासणी पुन्हा केली. पुन्हा पिवळा. मग बाहेर जाऊन दोघींना सांगावंच लागलं, की आमच्याकडे पिवळं म्हणजे विषाणू अंगात आहे. आत्याचा चेहरा पार उतरला. वहिनीने स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, "माझ्यामुळे बाळाला होईल का?"

होऊ शकतं, जन्माच्या वेळी. पण अडवताही येतं, असं डॉक्टर म्हणाले. जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाला दोन इंजेक्शनं द्यायची. एकात लस, म्हणजे त्या विषाणूच्या आवरणाचं नुसतं प्रथिन, बाळाच्या शरीराने ते ओळखायला शिकावं म्हणून. दुसऱ्यात तयार अँटिबॉडी. या माझ्या प्लेटमधल्यासारख्या एका वंशाच्या नसतात, माणसांच्या रक्तातून गोळा केलेल्या सरमिसळ असतात. पण ओळखतात त्याच प्रथिनाला.

"ती सुई मारती का त्या इषाणूला?" आत्याने मला विचारलं.

"मारत नाही गं. विषाणू त्या प्रथिनानेच यकृताच्या पेशीला धरतो आणि आत घुसतो. अँटिबॉडी आधीच त्याच्यावर जाऊन बसतात. मग त्याला धरताच येत नाही."

"म्हंजी मुसकं घालायचं." आत्या क्षणभरसुद्धा थांबली नाही. "मळणीच्या बैलाला घालायचो तसं. बैल मरत नाय, पर कणसाला तोंडबी लावता येत नाय."

कॉलेजात आमच्या सरांना हे आम्हाला समजावून सांगायला दोन तास लागले होते. मी हात टेकले, आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की भांडायचंच विसरले. तेव्हापासून ओट्यावरच्या रांगेतल्या प्रत्येकाला ती आधी दटावायची, "नाशिकला माझ्या भाचीकडं रगत तपासून या, मग बसा हितं."

दादाने मुंबईहून ते अँटिबॉडीचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यातून आणलं. ते लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं आणि मी दिवसातून चार वेळा दार उघडून बघायचे. शेवटी लॅबचे डॉक्टर माझ्यावर खेकसले. मुलगी झाली, गोरीपान, भरपूर जावळाची. तासाभरात तिच्या दोन्ही मांड्यांत दोन सुया गेल्या. पाय आत्याने धरले होते आणि बाळापेक्षा तीच जास्त कळवळत होती.

घरात नुसता आनंद होता. मुलीला खाली ठेवायला कुणी तयार नसायचं. वहिनी तिला दूध पाजायची, डॉक्टरांनी तशी परवानगी दिली होती. पण पापा म्हणून घ्यायची नाही. पापा घेऊन काही होत नाही, हे मी शंभरदा सांगितलं, एकदा तर चिडून ताडताड बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुमचं बरोबर असेल. पण तपासणी होऊ दे." आम्ही सगळे त्या गालांवर तुटून पडायचो आणि ती बघत राहायची.

लसीचे उरलेले डोस झाले, मुलगी वर्षाची झाली, आणि मी तिचं रक्त घेतलं. तपासण्या दोन होत्या. विषाणूचं प्रथिन शोधणारा खळगा स्वच्छ पाण्यासारखा राहिला. लसीमुळे तिच्या शरीराने स्वतः बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारा मात्र सुंदर पिवळा झाला. "ह्यात पिवळं नको नि त्यात पायजेल?" आत्या वैतागली. "एकदाचं ठरवा काय ते!" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

बाहेर येऊन मी वहिनीला म्हटलं, "काही नाही तिला. आणि आता होणारही नाही."

वहिनीने मुलीला दादाच्या कडेवरून ओढूनच घेतलं. दोन्ही गाल, कपाळ, डोळे, मान, जिथे मिळेल तिथे पापे घेत सुटली. मुलगी वैतागून रडायला लागली, हाताच्या इवल्याशा तळव्याने आईचं तोंड दूर ढकलायला लागली. वहिनीने तो तळवाही सोडला नाही.