दुसरी चावी

मळीचा आंबूस वास आला की मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या संगणक खोलीत परत जाऊन बसतो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वजनकाटा, प्रयोगशाळा, गोदाम, सगळीकडच्या संगणकांवर वेगवेगळे पासवर्ड होते. मी मोठ्या ऐटीत सगळ्यांची नावं न्‌ पासवर्ड एका मुख्य संगणकात आणले आणि बाकीच्यांवरचे पुसून टाकले, माझासुद्धा. हंगामात एका दुपारी तो मुख्य संगणकच बंद पडला. काट्यावरचा कारकून आला, "सायेब, पासवर्ड घेत न्हाई." माझाही घेईना. अडीअडचणीचा पासवर्ड मी जपून ठेवला होता, त्याच संगणकात. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, ऊस उन्हात वाळू लागला. एक म्हातारा शेतकरी, पलटणीतून परतलेला, खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाला, "आमच्या पलटणीत कोठाराची दुसरी चावी दुसऱ्याकडं असायची. तुमची कुणाकडं हाय?" मी पुन्हा तोच पासवर्ड टाकून बघितला. शेवटी कारकुनानं जुनी वही काढली, वजनं हातानं लिहिली, रांग हलली. मला मात्र बाहेर पडता येईना. धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायचा नियम मीच केला होता, आणि माझ्या चपलांशेजारी तो म्हातारा आपली पाळी यायची वाट बघत उकिडवा बसला होता. पुढं प्रत्येक नोकरीत मी अडीअडचणीचा पासवर्ड कागदावर लिहून दुसऱ्याच्या हाती दिला. त्या म्हाताऱ्याला उत्तर मात्र द्यायचं राहिलं.