सुषमाचा अल्बम आणि माझा वर गेलेला हात

मंडळी, दुपारची गोष्ट इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यात आज मन थाऱ्यावर नाही.

माझी मुलगी सुषमा कात्रजहून आली होती. तीन वर्षं खपून तिने स्वतःच्या गाण्यांचा अल्बम केलाय. "बाबा, सगळ्यात आधी तुम्ही ऐका," म्हणाली. गाणी माझ्या मोबाइलवर टाकली आणि हेडफोन कानांवर चढवला.

व्हायोलिनचा अख्खा ताफा, मग ट्रम्पेट, वर कोरस. त्यात तिचा आवाजच सापडेना. दुसऱ्या गाण्यातही तेच. मी डोळे मिटून तिला शोधत होतो.

मी आयुष्यभर लग्नाच्या बँडचा मास्तर होतो. गाणारा गायला लागला की मी हात वर करायचो, मग वादक आवाज खाली आणायचे. आज तिसऱ्या गाण्याला माझा हात आपोआप वर गेला.

डोळे उघडले तर सुषमा बघत होती. तो हात तिने लहानपणापासून पाहिलाय.

"कोणाला गप्प करताय, बाबा?"

"अगं, जुनी सवय."

"बरं," म्हणाली, आणि चहा न घेताच गेली.

उरलेली गाणी मी नंतर एकट्याने ऐकली. शेवटच्या गाण्यात एका कडव्याला सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त तीच गाते. मला रडू आलं. हे तिला सांगायचंय, पण ती फोन उचलत नाही.

तुम्ही असता तर हात आवरला असता का?

सुषमा, तू इथलं वाचतेस. रागाव हवं तर, पण घरी पोचलीस एवढं तरी लवकर कळव.